डिरेक्टऱ्यांचं कपाट आणि साहेबांचा कूलर

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतली रद्दी दर महिन्याला विकली जायची. किस्से मात्र कोणी रद्दीवाला नेईना, त्यामुळे माझ्या नोकरीत त्यांचा ढीग पार छताला टेकला. त्यातले निम्मे तरी एका लोखंडी कपाटातून निघाले आहेत. आज तेवढंच कपाट उघडतो.

त्या कपाटात नागपूरच्या जुन्या डिरेक्टऱ्या होत्या. आमच्याच छापखान्यात छापलेल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि लढाईतल्या. पुढच्या अर्ध्या भागात दुकानं आणि धंदे, मागच्या अर्ध्यात मोहल्ल्यांप्रमाणे घरं. घरमालकाचं नाव, पुढे व्यवसाय. सत्तर सालानंतर लोकांना एकदम पूर्वज आठवायला लागले आणि जो तो वंशावळीचा कागद घेऊन आमचा जिना चढू लागला.

किल्ली बापू ढोबळ्यांकडे. जन्मभर प्रूफं वाचलेला माणूस. रिटायर झाल्यावर घरी करमेना म्हणून त्या कपाटाशी स्टूल टाकून बसायचा.

* * *

महाल भागातले एक गृहस्थ आले. आजोबा म्हणे नामांकित अत्तरवाले. बापूंनी पान काढून दिलं. आजोबा सापडले, पण बारीक टाइपात. शेजारच्या दुकानाचं नाव मात्र ठळक आणि चौकटीत!

गृहस्थ भडकले. "हा तर आमच्या आजोबाजवळ धंदा शिकला! याचंच नाव मोठं काहून?"

"चौकट पाह्यजे असली तं जाहिरात द्या लागे, भाऊ."

"मग मी देतो. पुढच्या आवृत्तीत टाका."

"आवृत्ती बंद होऊन जमाना झाला."

"मग याच्यातच काढतो!" असं म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं. बापू टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन उठले. मला वाटलं, आता चौकट आखून देतात की काय! पट्टी बसली ती गृहस्थांच्या बोटांवर.

* * *

खापरखेड्याच्या कॉलनीतून एक बाई आल्या. यांच्या सासूबाई उठता-बसता सुनावायच्या, "आमच्या घरी टांगा होता. तुझ्या बापाकडे सायकल तरी होती का?" बाईंना सत्य काय ते हवं होतं. मला असली माणसं आवडतात.

तासभर शोधून सासऱ्यांचं नाव सापडलं. पुढे व्यवसाय: टांगेवाला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सासूबाई खोटं नाही बोलल्या. टांगा होताच की! एवढं शिक्का मारून लिहून द्या."

बापूंनी दिलं. आठच दिवसांत सासूबाई स्वतः हजर. जिना चढून धापा टाकत होत्या.

"तुम्हीच का गा ते शिक्केवाले? त्या पुस्तकातून आमचा टांगा खोडा!"

"छापलेलं खोडता येत नाही, माय."

"मग सुनेच्या बापाले तरी शोधा! तो कोण होता, तेही शिक्का मारून द्या मले!"

* * *

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांच्यासोबत कूलर आला. नागपूरचा मे महिना, त्यामुळे कूलरला माझा विरोध नव्हता. पण त्याची हवा साहेबांच्या केबिनमध्ये जायला आमचं कपाट आडवं येत होतं. हुकूम निघाला: कपाट रिकामं करा, डिरेक्टऱ्या रद्दीत द्या.

बापूंनी एक खंड उघडून बोट ठेवलं. इतवारीतल्या एका गल्लीत एवढीच ओळ होती: "ढोबळे गणपत, कल्हईवाला." बापूंचे वडील. त्यांचा फोटो नाही, सही नाही, सातबारा नाही. हा माणूस जगून गेला, याचा पुरावा म्हणजे ती एक ओळ.

मी म्हटलं, "बापू, तेवढं पान फाडून घ्या."

"अन् शेजारीपाजारी रद्दीत? बापाले मोहल्ल्यातून उठवून आणल्यासारखं होईल गा."

माझं डोकं फिरलं. मी तडक केबिनमध्ये शिरलो. "साहेब, आख्खं शहर विकून तुम्ही हवा खाणार? हा छापील पुरावा आहे! यातली काही नावं मी स्वतः घरोघर फिरून लिहिली आहेत, एक अक्षर खोटं नाही!"

दाराशी उभे असलेले बापू खोकले. ते का खोकले, ते सांगायलाच हवं.

* * *

लढाईच्या काळातल्या डिरेक्टरीसाठी घरोघर फिरून नावं लिहिणाऱ्या कॉलेजच्या पोरांत मीही होतो. ताकीद होती की एकही घर कोरं सोडायचं नाही. धरमपेठेत एका बंगल्यावर मी तीनदा गेलो. मालक व्हरांड्यातून ओरडायचा, "नाव सांगत नाही, चालू पड!" आणि त्याचा मोत्या फाटकाकडे झेपावायचा. तिसऱ्या खेपेला त्याने माझी पोटरी धरली.

मी फाटकाबाहेर बसून फॉर्म भरला. त्या घरातलं जे एकमेव माणूस पुढे आलं, त्याचंच नाव लिहिलं. आडनाव हवं होतं, म्हणून मला गणितात नापास करणाऱ्या राऊत सरांचं दिलं. "राऊत मोतीराम, रखवालदार."

प्रूफ वाचताना बापूंनी विचारलं होतं, "हा मोतीराम एकटाच राहते का गा एवढ्या बंगल्यात?"

"आत नाही. बाहेर बांधलेला असतो."

बापूंनी माझ्या पोटरीवरची पट्टी पाहिली आणि ओळ तशीच जाऊ दिली.

* * *

रद्दीवाला यायचा होता त्या सकाळी मॅनेजर स्वतः कपाटाशी आले. म्हणाले, एवढं भांडता तर बघू तरी काय आहे. धरमपेठेचं पान उघडलं आणि साहेब मटकन बापूंच्या स्टुलावर बसले.

"राऊत मोतीराम! अहो, हे आमचे आजोबा! घरावर रुसून नागपूरला निघून आले. कुठल्या तरी बंगल्यावर रखवालीला होते, एवढंच कानावर होतं. वडील मरेपर्यंत त्यांना शोधत होते!"

रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा. साहेबांनी त्याला हातानेच घालवून दिलं. "हे कपाट इथून हलणार नाही. कूलर हलवा!"

मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "तुम्ही तेव्हा नावं लिहीत होता ना? पाहिलं असेल तुम्ही त्यांना. कसे होते हो?"

मंत्र्यांच्या तोंडावर खरं बोललेला माणूस मी. बापूंकडे पाहिलं. त्यांनी इतवारीचा खंड दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"धन्याशी इमानी," मी म्हणालो. "परक्या माणसाला फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नसत. एकदा तर माझ्या अंगावर धावून आले."

साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"आमच्या रक्तातच आहे ते!"