सावलीच्या कॉलनीत उन्हाचा चौकोन

माझ्या पेशात सावली ही तक्रार असते. मी घरांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल बसवण्याचे आराखडे करते. त्यामुळे झाड दिसलं की मला आधी त्याची उंची दिसते, मग दिशा, आणि फारच वेळ उरला तर झाड. अशा मुलीनं जबलपूरच्या सगळ्यात गर्द कॉलनीत सुट्टी घालवायला जाणं म्हणजे सुतारानं देवराई बघायला जाण्यासारखं आहे.

पण गेले. शैलामावशी तिथे एकटी राहते. तिचा मुलगा अमितदादा बंगळुरूत असतो आणि त्याला आईसाठी सतत काहीतरी करायचं असतं. या वर्षी त्यानं गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. ऑर्डर देण्याआधी घरचं कोणीतरी जागा बघून यावं, असं त्याचं म्हणणं. माझ्या आईचं म्हणणं, तेवढंच मावशीला भेटणं होईल. माझं म्हणणं कोणी विचारलं नाही, पण रजा शिल्लक होती आणि आमच्या कामात डिसेंबरची अखेर ही सर्वांत कडक परीक्षा असते. सूर्य सगळ्यात खाली, सावल्या सगळ्यात लांब. गच्ची तेव्हा पास झाली की वर्षभर पास.

पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस असा प्रवास मी केला. थेट गाडीही आहे, पण तिचं आरक्षण मिळवायला माझ्यापेक्षा दूरदर्शी माणूस लागतो. नागपूर-जबलपूर रस्ता सुरेख आहे. पेंचच्या जंगलात तो खांबांवर उचललाय आणि खालून जनावरं जातात. मी खिडकीतून वाघ शोधायचं सोडून खांबांमधलं अंतर अजमावत होते. बरगी मागे पडली, नर्मदेवरचा पूल आला, बसमधल्या दोन-तीन बायकांनी हात जोडले, मीही जोडले. रिक्षाचं भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. मी बसल्यावर ठरवलं.

कॉलनीचं नाव देत नाही, मावशीची तशी ताकीद आहे. तिलवारा घाटाच्या अलीकडे, शहर संपता संपता ती लागते. बांधकाम सुरू झालं तेव्हा इथली झाडं कोणी तोडली नाहीत आणि काळे खडक कोणाला फुटले नाहीत. त्यामुळे घरं दोन्हींना वळसे घालत बसली आहेत. एका अंगणात हत्तीएवढा दगड आहे, त्याच्यावर गाद्या वाळत असतात. रस्त्यावर आंबा, जांभूळ, कडुनिंब यांचं इतकं छत आहे की भर दुपारी गल्लीत हिरवट अंधार असतो. उन्हाळ्यात हा स्वर्ग असणार. डिसेंबरमध्ये मी स्वेटरवर शाल घेतली आणि तिच्यावर मावशीची दुसरी शाल.

"अंदर काहून बसून राहिली? बाहेर बस, बेटा," मावशी म्हणाली. बाहेर गेले. बाहेर जास्त थंडी होती.

पॅनेलचा विषय मी काढला तेव्हा ती चहा गाळत होती. "अमित हौसेनं करून राहिला आहे," एवढंच म्हणाली आणि पुन्हा एकदा चहा गाळला. गाळलेला चहा कोणी पुन्हा गाळत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी फोनवर होकायंत्र जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर पोहे-जलेबी. पोह्यांवर शेव, आणि जलेबी पोह्यांच्या आधी, मध्ये, नंतर कधीही. खव्याची काळपट जलेबी मात्र शहरात जाऊनच खा, आणि एकच खा. मी दोन खाल्ल्या. मावशी शेजारणींबरोबर जबलपूरजवळच्या पाटणकडे गेली होती. तिकडचा हिरवा मटार या दिवसांत पोत्यानं मिळतो आणि गल्लीतल्या बायका वर्षाचा मटार एकत्रच आणतात. म्हणजे अख्खी गच्ची मला मोकळी.

मी मनापासून काम केलं. पूर्वेला आंबा, दक्षिणेला शेजारचं जांभूळ, पश्चिमेला मावशीचा स्वतःचा कडुनिंब. फोटो काढले, कोन मोजले, सावली सरकेल तशी खूण करत गेले. तिन्ही झाडांच्या मधून तुळशीच्या कुंडीजवळ एक चौकोन असा निघाला, ज्यावर दहा ते तीन स्वच्छ ऊन. इतक्या गर्दीत इतका नेटका तुकडा मी क्वचितच पाहिलाय. नळीपाशी मटाराची वाळकी टरफलं अडकली होती, ती मी काढून टाकली, पाण्याचा निचरा नीट हवा म्हणून. मग खडूनं चौकोन आखला, कोपऱ्यांवर फुल्या मारल्या आणि स्वतःवर खूश होऊन खाली आले.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. सहा बायका वर आल्या. मागून मटाराचं पोतं आलं, ते दोघींनी धरलं होतं. सगळ्यात पुढे समोरच्या घरातल्या दुबे आंटी. त्या चौकोनाशी थांबल्या, फुल्या बघितल्या आणि कौतुकानं माझ्याकडे वळल्या.

"देखो, बिटिया ने तो जगह बनाकर दे दी. पिछले साल वर्मा की दरी आधी छाँव में रहती थी, रोज झगड़ा."

आणि सतरंजी, त्यांच्या भाषेत दरी, अंथरली गेली. रेघेवर रेघ, फुलीवर कोपरा. माझी मापं इतकी अचूक होती की सहा जणी, मावशी आणि पोतं तंतोतंत बसले. सांगलीहून बँकेत बदली होऊन आलेली एक मुलगी रविवार म्हणून आली होती. तिनं मला सरकून जागा दिली आणि विचारलं, की इंजिनिअरिंगमध्ये हे पण शिकवतात का. मी म्हटलं, नाही, हे अनुभवानं येतं.

या गल्लीत हिवाळ्याची दुपार अशीच जाते, हे मला त्या वेळी समजलं. ऊन मावशीच्या गच्चीवर असतं, म्हणून गल्ली मावशीच्या गच्चीवर असते. मटार सोलला जातो, कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते सोललं जातं. शाळेतून निवृत्त झालेली, चार खोल्यांत एकटी राहणारी माझी मावशी तिथे अशी हसत होती, की फोनवर तिचं ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

कोणीतरी चौकोन कशासाठी म्हणून विचारलंच. मी सांगितलं. मटार सोलणारे हात भराभर चालू लागले. मावशी शेंगेत फार बारकाईनं बघत होती. माझ्याकडे तोडगा तयार होता. पॅनेल उंच सांगाड्यावर बसवायची, खाली माणसं उभी राहतील एवढी उंची, मग तुम्ही आरामात खाली बसा. हा सांगाडा मी बऱ्याच ग्राहकांना विकलाय.

कुमुदताई, मावशीच्या शाळेतल्या जुन्या सहकारी, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सावलीतच बसायचं असतं तर जिने काहून चढलो असतो? खाली सावलीची कमी आहे का?"

मी मटार सोलले. तेही मला नीट जमत नव्हतं, दाणे उडत होते.

सगळ्या गेल्यावर मावशी सतरंजी झटकत हळू आवाजात म्हणाली, "तू सांग ना त्याला, झाडं आड येतात."

"येत नाहीत, मावशी."

"एवढं तर बोलू शकते. मी नाही म्हटलं तर त्याला वाटेल, आईला माझं काहीच नको. तू म्हटलं तर मशीनचं काम."

मी म्हटलं, बघते. चुकीचा अहवाल मी देत नाही. याचा मला अभिमान आहे आणि त्या क्षणी तो अगदीच निरुपयोगी वाटत होता. मग मी दुसरी शक्यता तपासायला निघाले. बायकांसाठी दुसरं ऊन सापडलं तर पॅनेलही बसतील आणि दुपारही. तासातासानं अख्खी गल्ली फिरले, दुसऱ्या दिवशीही फिरले. फाटकं, ओटे, हत्तीएवढा दगड, लोकांनी बोलावलं तिथे गच्च्यासुद्धा. होकायंत्र घेऊन घराघरात डोकावणाऱ्या मुलीला प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला आणि एका ठिकाणी वास्तूबद्दल सल्ला मागितला गेला. सलग ऊन कुठेच नव्हतं. याच पायी माझं भेडाघाट राहिलं. संगमरवरी कडे, नौकाविहार, धुवांधार यांची माहिती इतरांच्या ब्लॉगवर आहे, तिथे बघा.

संध्याकाळी दादाला फोन लावला. मावशी स्वयंपाकघरात मटाराची उसळ हलवत होती, म्हणजे ऐकत होती.

"जागा कशी आहे?"

"उत्तम. दहा ते तीन ऊन. झाडं आड येत नाहीत."

"मग सांगतो त्यांना."

"तिथे रोज गल्लीतल्या बायका बसतात. मावशीसकट."

"बसतील की दुसरीकडे."

"दुसरीकडे ऊन नाही. सगळी गल्ली मोजलीय मी. नकाशा पाठवू?"

"आई कधी बोलली नाही."

"तू हिवाळ्यात कधी आलायस?" तो दिवाळीत येतो आणि मे महिन्यात. हे मी बोलायला नको होतं, पण माहिती म्हणून बरोबर होतं.

"दे तिला."

मावशीनं पदराला हात पुसले, फोन घेतला आणि माझ्याकडे पाठ केली. "नाराज नको होऊ रे," ती म्हणाली. "बिल कमी होऊन मी काय करू? माझी दुपार जाईल ना." मग बराच वेळ नुसतं हूं, हूं. उसळ तळाला लागली. मी गॅस बंद केला. तेवढी एक उपयुक्त गोष्ट त्या घरात माझ्या हातून झाली.

पुण्यात परत आले तेव्हा बॅगेत सोललेल्या मटाराचा डबा होता. माझ्या फ्लॅटला दक्षिणेची बाल्कनी आहे, दिवसभर ऊन येतं आणि तिथे फक्त कपडे वाळतात. हे मला आधीही माहीत होतं. दादानं ऑर्डर दिली नाही, पण काही न पाठवता राहणं त्याला जमत नाही. त्यानं आईला घडीच्या सहा खुर्च्या पाठवल्या. त्या चौकोनात मावत नाहीत, म्हणून त्यांवर पापड वाळतात.

फेब्रुवारीत मावशीचा फोन आला. मागे गलका होता. दुबे आंटी विचारत होत्या, की ऊन सरकलंय, बिटिया नवी रेघ कधी मारून देणार. मी म्हटलं, ऊन कुठे आहे ते समोर दिसतं की.

"दिसतं ना. पण तुझी रेघ असली की भांडण नाही होत."

आजवरच्या माझ्या कामांत एकही पॅनेल न बसता ग्राहकानं पुन्हा बोलावलेलं हे एकमेव काम. मी लॅपटॉप उघडला, नवी तारीख टाकली. जांभळाची सावली मागे हटत होती. दक्षिणेकडे दोन फरशा वाढवा, असं सांगितलं, आणि सवयीनं हेही की वाढलेल्या जागेत अजून एक माणूस बसेल.

"मग ये ना," मावशी म्हणाली.