ओटीचा नारळ आणि मागच्या मालकाची बाकी

"सामान नहीं उतरेगा, बोल दिया तो बोल दिया."

रायपुरातल्या आमच्या नव्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष गेटमध्ये आडवे उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की तिकडे दहा कोसांवरच्या अभनपुरात बैलांनी माना वर केल्या असतील. गेटाबाहेर आमचा मेटाडोर, त्यात अख्खा संसार, आणि गाद्यांच्या ढिगावर मांडीवर शेगडी घेऊन बसलेली बायको.

मी रजिस्ट्रीचे कागद त्यांच्या नाकासमोर नाचवले. घर माझं आहे, म्हटलं. घर तुमचं तर बाकीही तुमची, असं त्यांचं म्हणणं. मागच्या मालकानं कॉलनी वसल्यापासून देखभालीचा रुपया दिला नव्हता. चौकीदार, रस्त्यावरचे दिवे, पाण्याचा पंप, बगीचा, सगळं शेजाऱ्यांच्या जिवावर. ते भरल्याशिवाय गेट उघडणार नाही, नळही सुटणार नाही. वर मोठ्या मायेनं सांगितलं, की नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, संपत्ती करही थकलाय, आणि ते लोक ओरडत नाहीत, सरळ टाळं लावतात.

दुसऱ्यानं बुडवलेलं मी काय म्हणून भरू, असं मी विचारलं, तेव्हा ते पहिल्यांदा हळू बोलले. "भैया, टैक्स मकान पे लगता है. आदमी तो आता-जाता रहता है."

आता ज्या चौकीदारासाठी हे पैसे, त्याला चोर आल्याचं सांगायला आधी उठवावं लागे. बगीचा म्हणजे कण्हेरीचं एक झाड आणि फुलं तोडू नका अशी त्याच्यापेक्षा मोठी पाटी.

मी काही भोळा नव्हतो. रायपूर राजधानी झालं तसे घरांचे भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. शंकर नगरात घराकडे नुसतं टक लावून पाहिलं तरी दलाल बयाणा मागायचा. तरी घर शोधताना मी प्रत्येक मालकाची उलटतपासणी घेतली होती. कराच्या पावत्या काढा, कॉलनीची बाकी नसल्याचा कागद काढा. एक शेठजी तर मला आयकरवाला समजून मागच्या दारानं गेले, ते अजून परतले नसावेत.

मग हे घर पाहायला गेलो. मालकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या ना भाऊ, बसा. कुठचे तुम्ही?"

आमच्याच अमरावतीकडचे निघाले. हिंदी बोलून बोलून माझ्या जिभेला घट्टे पडलेले, त्यात समोर तर्री-पोहे. दुसऱ्या प्लेटीला त्यांच्या मावशीचं सासर आमच्या सासऱ्यांच्या गावात निघालं, तिसऱ्या चहाला आम्ही चुलतभाऊ झालो. आत त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. आता जिच्या हातचा नारळ पदरात पडला, तिच्या नवऱ्याला पावती कोणत्या तोंडानं मागायची?

निघताना त्यांच्या फाटकाशी बायकोनं कोपर मारलं. "पावत्या इचारल्या का?"

"काहून? आपले लोक आहेत."

तिनं वळून घराकडे पाहिलं. तिचा जीव त्या घराच्या स्वयंपाकघरात अडकला होता. भाड्याच्या खोलीत जमिनीवर बसून रांधता रांधता तिचे गुडघे गेले होते. इथं खिडकी होती, फक्त ओटा नव्हता. त्यासाठी तिनं एका डब्यात वर्षानुवर्षं पैसे साठवले होते. उभं राहून पोळ्या लाटीन, एवढंच तिचं मागणं.

त्या दिवशी कॉलनीच्या गेटाशी ती मेटाडोरमधून उतरली, तिनं तो डबा माझ्या हातात दिला आणि शेगडी घेऊन बाजूला उभी राहिली. डब्यातलं अर्धं समितीनं नेलं, उरलेलं दुसऱ्या दिवशी नगर निगमनं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. तिनं शेगडी खिडकीखाली जमिनीवर ठेवली आणि भिंत धरून खाली बसली. बसल्यावर खिडकी तिच्या डोक्याच्या वर गेली. ओटा त्यानंतर कधी झालाच नाही.

त्याच संध्याकाळी मी तडक टेलिफोन बूथ गाठलं. मागचे मालक घर विकून मुलाकडे नागपूरला गेले होते. मी असा कडाडलो, की तारेवरचे कावळे उडाले असतील. आपला माणूस म्हणून एक पावती मागितली नाही आणि तुम्ही माझा असा गळा कापला, म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पावती तर सगळेच मागत होते, भाऊ," ते म्हणाले. "म्हणून तर आपल्या माणसाची वाट पाहून राहिलो होतो."