एका इंचात एकशे सतरा फूट

रेल्वे पेडण्यातून जाणार हे नक्की झालं होतं. कुठून जाणार हे नक्की नव्हतं. गोवा घटकराज्य होऊन पाचेक वर्षं झाली होती, भाषेचे मोर्चे थंडावले होते आणि चहाच्या हॉटेलांत आता रुळांवरून भांडणं होत होती. पेडण्याजवळच्या एका वाडीत माझ्या धाकट्या बहिणीचं घर. तिच्या घरामागच्या शेतात काही माणसं येऊन अकरा खुंट्या मारून गेली. दोन महिन्यांनी दुसरी माणसं आली. त्यांनी त्यातल्या सात उपटल्या आणि सत्तर पावलं पूर्वेला नऊ नव्या मारल्या. उरलेल्या चार जुन्या खुंट्यांचं काय, हे विचारायला मी म्हापशाला दोनदा आणि पणजीला एकदा जाऊन आलो. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, अजून ठरायचं आहे.

बहिणीला थांबायला वेळ नव्हता. आदल्या पावसात तिच्या स्वयंपाकघराची मातीची भिंत बसली होती. तेव्हापासून गोठ्याला लागून झावळ्यांचा माटव घालून तिथे ती चूल पेटवत होती. वारा फिरला की सगळा धूर तिच्या अंगावर यायचा. तिचा खोकला जाईना. नव्या स्वयंपाकघरासाठी चिरे आणून रचले होते, सहाशे चाळीस. गवंडी बेळगावकडचा, कारापूरला खोली घेऊन राहणारा. त्यानं सोमवारचा दिवस दिला होता. तो सोमवार चुकला तर तो दुसऱ्या कामावर जाणार, आणि मग पाऊस संपेपर्यंत मोकळा होणार नव्हता. म्हणजे आणखी एक पावसाळा माटवात. पण बांधलं आणि रेल्वे नेमकी तिथूनच आली तर?

बांधावं का म्हणून मेहुण्यानं देवळात जाऊन देवाला कौल लावला होता. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची आधी पडली तर होकार. उजवी पडली. मेहुण्याच्या दृष्टीनं विषय संपला.

"पात्रांव, देवान उजवी दिली," तो मला म्हणाला. मला चिडवायचं असलं की तो मला पात्रांव म्हणतो, म्हणजे मालक. "आता तू कित्या भिता?"

मी भीत नव्हतो. मला आकडा हवा होता. मी खाणीच्या वजनकाट्यावर कामाला. भरलेला ट्रक एकदा तोलायचा, रिकामा एकदा, आणि वजाबाकी दोनदा करायची. आमोण्याला नदीत खनिजाची बार्ज भरते तेव्हा तिच्या अंगावरचे आकडे पाण्याच्या रेषेवर वाचून किती माल चढला ते काढायचं. वीस वर्षं असं काम केलं की मोजलं नाही ते खरं वाटत नाही.

त्या शनिवारी डिचोलीच्या बसस्टँडवर मी हातानं रंगवलेला एक फलक वाचला. शाळेच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेचं प्रदर्शन, शनिवार आणि रविवार. खाली लाल अक्षरांत: पेडण्यातून जाणारी रेल्वे पाहा.

घरी येऊन जेवायला बसलो, पण अर्ध्यावरून उठलो. बायको म्हणाली, "सकाळपासून तीनदा चप्पल घातली आणि काढली. जायचंय तर जा, नाहीतर बसा तरी." मी कामावरची पोलादी टेप खिशात घातली आणि गेलो.

हॉलमध्ये शाळेची बाकं जोडून त्यांवर प्लायवूड टाकलं होतं. त्यावर भुशाची शेतं, प्लास्टरचे डोंगर, निळ्या रंगाची नदी. रूळ छत्रीच्या काड्यांचे, डबे पत्र्याचे, इंजिनात टेपरेकॉर्डरची मोटर. हे सगळं केलं होतं औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या एका फिटरनं. तोही बेळगावकडचाच. गाडी खुडखुडत यायची, बोगद्यात शिरायची, पलीकडून निघायची, आणि माणसं दर वेळी "आली, आली" म्हणायची. आमच्याकडे कित्येकांनी रेल्वे पाहिली नव्हती. मी मात्र गाडीकडे बघत नव्हतो. बाजार दाखवला होता, देऊळ दाखवलं होतं, देवळापुढे फणसाचं झाड, लाल कौलांचं घर, घराच्या डाव्या हाताला विहीर. बहिणीचं घर असंच आहे. आणि विहिरीला जवळजवळ चिकटून रूळ.

मी टेप काढली. बाजारापासून बहिणीच्या घरापर्यंत मी पूर्वी एकदा पावलं मोजली होती, दोन हजार एकशे चाळीस. माझं पाऊल सव्वादोन फुटांचं. म्हणजे चार हजार आठशे पंधरा फूट. प्लायवूडवर तेच अंतर एक्केचाळीस इंच भरलं. म्हणजे एका इंचात एकशे सतरा फूट आणि थोडं वर. विहिरीपासून रूळ तीन अष्टमांश इंचावर. चव्वेचाळीस फूट. बहिणीच्या विहिरीपासून नव्या स्वयंपाकघराची जागा अडतीस फुटांवर सुरू होते आणि पन्नासला संपते. बरोबर मधोमध. चुलीवरून.

मी वजाबाकी दोनदा केली. फिटर दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलत होता. ते स्टेशनच्या पाटीवर पेडणेवर कोकणी वळणाचा अनुस्वार द्यायला सांगत होते आणि तो म्हणत होता, "सकाळी एकानं पुसायला लावला हो, आता तुम्ही द्या म्हणताय." त्यांचं संपेपर्यंत थांबायला मला धीर नव्हता. तसाच कारापूरला गेलो, गवंड्याला गाठलं आणि सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. मग म्हापशाला बस बदलून पेडण्याला. बसमध्ये जागा असून मी उभा राहिलो.

बहीण माटवात भाकरी भाजत होती. मी हिशेबाची चिठ्ठी काढून तिला सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत होती, तव्यावरची भाकरी उलटत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे गवंड्याक आज जाऊन सांगूक व्हया."

"मी सांगून आलोय."

तिनं भाकरी खाली काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"माका इचारल्याशिवाय?"

"वेळ नव्हता."

"धूर माझ्या छातीत, चूल माझी, आणि वेळ तुका नाय?"

मेहुणा ओसरीवरून म्हणाला, "देवान उजवी दिली, पात्रांवान डावी. आता मोठो कोण तां ठरवा." बहीण पुढे एवढंच म्हणाली, की उद्या ती स्वतः येऊन बघणार.

रविवारी सकाळी दहाच्या आत ती डिचोलीला आली. हॉल गच्च भरला होता. मी तिला लाल कौलांचं घर दाखवलं, विहीर दाखवली, रूळ दाखवला. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल.

"दादा, एक इंच म्हणजे किती म्हणालंस?"

"एकशे सतरा फूट."

"मग ही बाय इंचभर रुंद आसा," विहिरीकडे बोट करत ती म्हणाली. "एकशे सतरा फूट रुंद बाय खंय बघितलंस तू?"

घराच्या मागे भुशात प्लास्टिकची एक गाय उभी केली होती. बहिणीनं तिच्यावर बोट ठेवलं.

"आणि ही?"

गाय दीड इंचाची होती. एकशे शहात्तर फूट. उत्तर मला लगेच आलं. भरलेला ट्रक तोलून रिकामा न तोलता कागद देणारा माणूस आमच्या काट्यावर एक दिवस टिकला नसता.

बहिणीनं फिटरला हाक मारली. "भाऊ, ही बाय कोणाची?"

"बाय? म्हणजे विहीर व्हय? सोड्याच्या बाटलीचं बूच हाय ते, वहिनी."

"आणि हे घर?"

"कोणाचंच न्हाई. डोंगर संपला की एखादं घर बरं दिसतंय म्हणून ठेवलं बघा."

"मग रूळ असा वळवला कशाला?" हे मी विचारलं.

"प्लायवूड संपलं की हो. आणखी दोन फूट असतं तर सरळच काढणार होतो." त्यानं माझ्या हातातली टेप बघितली. "साहेब, तुम्ही रेल्वेकडनं आलाय काय?"

"वजनकाट्यावरसून इलो तो," बहीण म्हणाली.

फिटर शहाणा होता, हसला नाही. लाइन खरी कुठून जाणार हे त्यालाही माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात आलेला तळहाताएवढा नकाशा त्यानं पाहिला होता. तेवढ्यावर त्यानं नदी, बाजार, देऊळ आणि बोगदा मांडला, बाकी मनानं. फलकावरच्या लाल अक्षरांबद्दल तो म्हणाला, "तेवढं लिहिल्याशिवाय लोक येत न्हाईत हो."

हॉलबाहेर आल्यावर मी बहिणीला म्हटलं, "तरी खुंट्या आहेतच. रेल्वे येणार नाही असं मला सांगता येत नाही."

"येणार असंय सांगूक येत नाय."

"नाही."

"मग तू सांगूच नको. चल गवंड्याकडे."

गवंडी खोलीच्या दारात कपडे वाळत घालत होता. आम्ही काय सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "काल सायबांनी पाडलं, आज ताई बांधायला सांगतात. मी सर्वण गावचं काम धरलं की आता." बहीण पायरीवर बसली आणि उठायचं नाव घेईना. खोकल्याची उबळ आली ती तिनं दाबली नाही. गवंड्यानं शर्ट दोरीवर टाकला. बराच विचार करून म्हणाला की सर्वणला तो भावाला पाठवेल, पण मग त्याच्याबरोबर त्याचा नेहमीचा गडीही जाईल. पेडण्याला चिरे उचलून द्यायला आणि गारा कालवायला माणूस नाही. माणूस असेल तर तो उद्या येतो.

"आसा माणूस," बहीण म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी नऊ दिवसांची रजा टाकली. सोमवारी सकाळी गवंडी आला. त्यानं ओळंबा काढला, दोरी ताणली आणि पाया किती खोल घ्यायचा ते विचारलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात बहीण माटवातून म्हणाली, "त्याका इचारू नकात. तुमका काय वाटता तां सांगा." गवंडी म्हणाला, अडीच फूट. मी तीन म्हणणार होतो, त्याऐवजी घमेलं उचललं.

ते नऊ दिवस मी चिरे वाहिले. एकेक चिरा छातीशी धरून आणायचा, पाठ धरायची. दुपारी सगळे आडवे झाले की मी शेतात जाऊन खुंट्या बघून यायचो. तेरा. कधी बाराच दिसायच्या, मग तेरावी गवतात सापडायची. एकदा मेहुण्यानं मला तिथे पाहिलं. हाक मारली नाही, फक्त शेजारी येऊन उभा राहिला आणि विडी पेटवली. म्हणाला, त्यालाही इथे आल्याशिवाय झोप लागत नाही. कौल लावला त्या दिवसापासून. मी त्याला कधी पात्रांव म्हटलं नव्हतं, त्या दिवशीही म्हटलं नाही. आम्ही दोघं परत आलो तेव्हा गवंडी उठला होता आणि खिडकीची चौकट कोणत्या बाजूला बसवायची म्हणून खोळंबला होता. बहिणीनं शेताची बाजू दाखवली. मेहुणा म्हणाला, तिकडून रेल्वे आली तर सगळा आवाज आत येईल. ती म्हणाली, धूर बाहेर जायला तीच बाजू आहे.

चौकट तिथे बसली. मी पुढचा चिरा आणायला गेलो.