अंगणातला स्लीपर

लाकडी स्लीपरवर रूळ बसवायचा म्हणजे चार खिळे ठोकले आणि झालं, असं नसतं. आधी गिरमिटाने भोक पाडायचं. मग चौकोनी खिळा उभा धरून घणाने मारायचा. त्याचं डोकं एका बाजूला वाकलेलं असतं, ती चोच रुळाच्या पायावर घट्ट बसली पाहिजे. लाइनवरची माणसं त्या खिळ्याला डॉग म्हणतात. रुळाच्या आतला डॉग आणि बाहेरचा डॉग समोरासमोर मारत नाहीत, थोडे पुढेमागे मारतात, नाहीतर लाकूड सरळ चिरतं. आणि डॉग सैल झाला तर तो उपटून भोकात डांबरात बुडवलेली लाकडाची गुट्टी ठोकायची, मगच नवा डॉग मारायचा. गुट्ट्या तासायचं काम आम्हा बायकांचं. धुळ्याच्या लाइनवर मी रोजंदारीला होते तेव्हा कोयत्याने दिवसभर गुट्ट्याच तासत असे. आमचे मालक तिथेच घण मारत. पुढे ते चावीवाले झाले. चावीवाला म्हणजे रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी बघून सैल झालेलं ठोकत जाणारा माणूस.

आता ती लाकडं गेली, सिमेंटचे स्लीपर आले. आम्हीही मुलाकडे जळगावात आलो. असोद्याकडे जाताना रुळांच्या अलीकडे आमचं घर आहे, मागे केळीचं एक शेत आणि त्यापलीकडे लाइन. तिथेच घोळ झाला. दोन वर्षांपासून मालकांचं डोकं जाग्यावर नाही. सकाळी उठले की टोपी घालायचे आणि केळीतून लाइनवर. तिथे मधे उभे राहून खाली बघत चालायचे. कानाने तर कधीचं कमी ऐकू येतं, जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागतं. दोनदा लाइनवरच्या पोरांनी मोटरसायकलवर बसवून घरी आणून सोडलं.

त्यातला एक मला म्हणाला, "अक्का, आबांना आवरा. आता इंजिनाला धूर नाही की धडधड नाही, मागून येतं ते कळत नाही."

मी म्हटलं, "दोरीने बांधू काय?"

"बांधा," तो म्हणाला. "तिकडे गोळा करत बसण्यापेक्षा बरं."

बोलला ते खरंच होतं. मला राग आला तो खरं बोलला म्हणून.

दाराला कडी लावून पाहिली. मालक दारावर डोकं आपटायला लागले. मग मला एक सुचलं. ते मलाच सुचलं, मुलाला नाही, सुनेलाही नाही. धुळ्याकडची जुनी लाकडं लिलावात गेली तेव्हा मुलाने एक स्लीपर आणला होता, त्यावर सून धुणं धुवायची. मुलाचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याला म्हटलं, लोखंडाचा एक तुकडा आण रुळासारखा दिसणारा, आणि सळयांचे डॉग करून दे. त्याने गर्डरचा तुकडा आणला. लाकूड अंगणात कडुनिंबाखाली ओढलं, तुकडा वर ठेवला, आणि मी मालकांपुढे घण ठेवला. आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीच बोलतो, पण सगळ्यांना कळावं म्हणून इथे बरंचसं मराठीतच लिहिते.

"हाई काम कोनी सांगं?" मालकांनी विचारलं.

"मुकादमनी सांगं," मी म्हटलं. मुकादम वारला त्याला जमाना झाला. त्याच्या दहाव्याला आम्ही दोघं गेलो होतो.

त्यांनी गर्डर हाताने चाचपला. "रूळ हलका शे."

"साइडिंगचा आहे." साइडिंगला गाड्या नुसत्या उभ्या करतात, तिथे हलका रूळ चालतो.

"मग ठीक," म्हणाले आणि बसले कामाला. हाताला सगळं आठवत होतं. सून चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. "आई, आबा तर आज दाराकडे बघतसुद्धा नाहीत!"

पण चार डॉग मारायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी काम काय द्यायचं? तेव्हा मी जे केलं ते असं. दुपारी ते जेवून झोपले की मी पहार घ्यायची. तिच्या टोकाला दोन बोटांसारखा फाटा असतो, तो डॉगच्या डोक्याखाली घालून दाबायचं. सगळे काढायचे नाहीत. दोन सैल करायचे, एक वर काढून ठेवायचा. सकाळी मालक बघायचे, डोक्याला हात लावायचे, आणि मी गुट्ट्या तासून डांबराचा डबा पुढे करायची. दिवस निघून जायचा. ते लाइनकडे जाईनात. रात्री मला झोप लागायला लागली.

सून हसून म्हणायची, "मुकादमबाई, उद्या काय हुकूम?" मीही हसायची.

मालक हसत नव्हते. ते मला दिसत होतं आणि मी पहार खाली ठेवली नाही. जेवता जेवता हात थांबायचा. "डॉग पुन्हा ढिला झाला," म्हणायचे. "मी मारलेला डॉग असा सुटत नाही." कधी म्हणायचे, गाड्या जड झाल्यात. कधी स्वतःचे दंड दाबून बघायचे. एकदा मुलाला विचारलं, "माझा घण हलका पडतो का रे?" मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नाही हो, लाकूडच जुनं आहे." मला वाटलं, किती छान सांभाळून घेतलं.

तेच अंगाशी आलं.

लाकूड खरंच संपत आलं होतं. रोज उपटून, रोज गुट्टी भरून भोकं वाटीएवढी झाली होती, आणि एक चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. एका सकाळी मालकांनी डॉग मारला तो हाताने वर आला. त्यांनी घण बाजूला ठेवला. "येनावर गाडी जावाले नको," म्हणाले.

"बरं, मुकादमाला सांगते," म्हणून मी भाकरी थापायला आत गेले.

आता मला सांगा, माझं अर्धं आयुष्य लाइनवर गेलेलं. लाइन धोक्याची दिसली तर चावीवाला मुकादमाची वाट बघत बसतो का? आधी गाडी थांबवतो, मग सांगायला जातो. हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू? तव्यावरची भाकरी उलटत होते आणि सून ओरडली, "आई, दोरीवरचा तुमचा लाल परकर कुठे गेला?"

मी केळीतून धावले. या वयात धावले. मालक दोन रुळांच्या मधे उभे होते, टोपी नीट घातलेली, परकर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, तोंड भुसावळकडे. दूर इंजिन दिसत होतं. मी हात धरून ओढलं, पण हलेनात. घण मारलेला माणूस आहे.

"सोड. लाइन खराब आहे," म्हणाले.

मी कानाजवळ तोंड नेऊन ओरडले, "लाइन चांगली आहे! ते लाकूड आपल्या अंगणातलं आहे, त्यावरून कधीच गाडी गेली नाही! मुकादम मेला! डॉग मी काढत होते!"

त्यांनी परकर खाली केला. माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. मग आपल्या पायाने रुळाबाहेर आले. मालगाडी हॉर्न वाजवत गेली. ती सगळी जाईपर्यंत आम्ही खडीवर उभे होतो.

मग ते म्हणाले, "डॉग काढणाऱ्याला आम्ही पोलिसात देत होतो."

परकर माझ्या हातात देऊन ते केळीतून घराकडे निघाले.

त्या दिवसापासून ते लाइनकडे गेले नाहीत. मला जे पाहिजे होतं ते झालं. नातवंडांची नावं विसरतात, जेवले की नाही ते विसरतात, मला वाटलं हेही विसरतील. नाही विसरले. मुलगा म्हणतो, "बरंच झालं की आई, जीव वाचला." वाचला. मी मुलाला म्हटलं, तुझ्या बापाला वेड लागलं होतं तरी त्याचं काम शहाण्याचं होतं, तेवढं मी घालवलं. तो म्हणाला, तू फार विचार करतेस. मी विचार करत नाही. समोर दिसतं ते बघते.

मालक आता ओट्यावर बसून असतात. मी पाण्याचा तांब्या ठेवला की तो हलवून बघतात. खाटेवर अंथरूण घातलं की बसण्याआधी खाटेचे चारही पाय हाताने हलवून बघतात. मी कडी लावली तर उठून जाऊन ओढून बघतात. सुनेने लावलेली बघत नाहीत, मुलाने लावलेली बघत नाहीत. फक्त माझी बघतात. मी बाजूला होते आणि त्यांना बघू देते.