चालू दवाखान्याचं उद्घाटन

दर गुरुवारी नांदेडहून लातूरला जाणाऱ्या पहाटेच्या बसमध्ये मी लोह्यापर्यंत बसतो आणि तिथून पुढे उभा राहतो. जागा नसते म्हणून नाही. माझ्या पायांना एका जागी फार वेळ चैन पडत नाही. सुरुवातीला कंडक्टर म्हणायचा, "बसा की सर, जागा हाय." आता तो माझ्या रिकाम्या सीटवर स्वतःचा डबा ठेवतो. शेजारी खिडकीशी माझी धाकटी बहीण सुयांची पेटी मांडीवर घेऊन थेट अहमदपूरपर्यंत झोपते. एकाच आईची दोन मुलं इतकी वेगळी कशी, हा प्रश्न मी त्या रस्त्यावर अनेकदा सोडवायला घेतलेला आहे.

बहीण अ‍ॅक्युपंक्चर करते. रीतसर शिकलेली आहे, नोंदणी आहे. पुण्यात एका दवाखान्यात ती बरीच वर्षं होती. तिथे प्रत्येक पेशंटला स्वतंत्र खोली, मंद दिवा, बासरीचं संगीत, आणि शेवटी असं बिल की दुखणं परत यावं. ते सोडून ती नांदेडला आली आणि घराच्या पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. खोल्या नाहीत, पडदे नाहीत. सगळे एकत्र बसणार, ही एकाकडून दुसऱ्याकडे जाणार. सुया कोपराखाली, गुडघ्याखाली, कानाला, डोक्याला. कुणाला कपडे काढावे लागत नाहीत. एका वेळी बरेच जण बसतात म्हणून फी ठरलेली नाही. दाराशी डबा आहे, त्यात जमेल ते टाकायचं.

माझा या शास्त्रावर विश्वास आहे का, असं लोक विचारतात. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत निवृत्त झालो, त्यामुळे विश्वास ठेवायची सवय गेली आहे. तिच्या नकाशात माणसाच्या अंगावरून नद्या वाहतात. त्या नद्यांचा उगम कुठे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दादा, तू दारात थांब." तेव्हापासून मी दारात असतो. एवढं मात्र मी पाहिलं आहे की जी माणसं येताना कण्हत येतात त्यांतली बरीच खुर्चीत घोरायला लागतात. ते सुयांमुळे की घरच्यांपासून तासभर सुटका झाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. बीपीच्या गोळ्या बंद करू का, असं कुणी विचारलं की बहीण इतकी ओरडते की घोरणारे जागे होतात.

माझं काम लोकांना गप्प बसवण्याचं. मराठवाड्यात दोन माणसं शेजारी बसली की पहिला प्रश्न 'कोणतं गाव?' आणि तिसऱ्या वाक्याला सोयरीक. हातापायांत सुया असल्या म्हणून तोंड बंद राहत नाही. नव्या माणसाची आणखी एक तक्रार असते. "त्यांना जास्त लावल्या, मला कमी लावल्या." वाढप्याने पंक्तीत भेदभाव केल्यासारखा चेहरा करतात. बहीण म्हणते, "काका, हे जेवण नाही." काकांना ते पटत नाही.

दर गुरुवारचा लातूरचा दवाखाना एका ट्रस्टच्या हॉलमध्ये होता. हॉल फुकट होता, पण तोंडी. 'तूर्तास वापरा' एवढ्या शब्दावर आम्ही दिवाळीपासून वापरत होतो. हा 'तूर्तास' बहिणीला खात होता. भाड्याची जागा घेतली तर फी लावावी लागणार, फी लावली की रेणापूरकडून, औशाकडून येणारे निम्मे लोक येणं सोडणार, आणि राहील तो पुण्यासारखाच दवाखाना, फक्त बासरीशिवाय. तिला तो हॉल वर्षभरासाठी पक्का हवा होता. बाकी काही नको होतं.

ट्रस्टवर जे साहेब होते त्यांचा एक कार्यकर्ता एप्रिलमध्ये आला. पांढराशुभ्र शर्ट, आणि फोन कानाला लावूनच दुसऱ्या माणसाशी बोलायची सवय.

"ताई, उद्घाटन करून टाकू."

"कशाचं? दवाखाना चालू आहे सहा महिने."

"चालू हाय, पण उद्घाटन कुठं झालंय?"

आमच्या भागात फीत कापल्याशिवाय वस्तू अस्तित्वात येत नाही. पूल वापरून खचतो आणि मग त्याचं लोकार्पण होतं.

"साहेब स्वतः येणार. हॉल वर्षभरासाठी तुम्हाला दिला, असं माईकवरून जाहीर करणार," तो म्हणाला.

"मग आत्ताच कागदावर द्या ना."

"कागदाचं काय घेऊन बसलात ताई? कागद फाटतो. माईकवर बोललेलं चारचौघं ऐकतेत."

मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, पण लेखी आणि अलिखित संविधानातला फरक इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता.

बहिणीने एकच अट घातली: त्या दिवशी दवाखाना बंद राहणार नाही. कार्यकर्ता खूश झाला. "लई भारी. चालू पेशंटचा फोटो लई भारी येतो."

त्या गुरुवारी हॉलच्या एका टोकाला मंच, मंचावर खुर्च्या, त्यांना पांढरी कव्हरं. दुसऱ्या टोकाला आमच्या निवार पट्टीच्या खुर्च्या आणि त्यांत पेशंट. अकराला कार्यकर्ता धावत आला, "साहेब निघाले." बहिणीने सुया लावल्या. अर्ध्या तासाने सुया काढायची वेळ झाली. साहेब औसा रोडला कुणाच्या तरी सांत्वनाला थांबले होते. सुया काढल्या. "आता आलेच," म्हणून पुढच्या लोकांना लावल्या. त्याही काढल्या. एक बाई म्हणाल्या, "साहेब न्हाई आले, पण माझी कंबर मोकळी झाली." तोवर मी हॉलच्या दारापासून फाटकापर्यंत इतक्या चकरा मारल्या होत्या की वॉचमनने मला पाणी आणून दिलं.

तिसऱ्या वेळी साहेब खरंच आले, बाहेर फटाक्यांची माळ फुटली, आणि सुया लावलेली सगळी माणसं एकदम दचकली.

फेटेवाला आधीपासून हजर होता. आमच्याकडे फेटेवाला हा कार्यक्रमाचा खरा कणा. वक्ता नाही आला तर चालतं. हा माणूस उभ्या उभ्या, पानाचा तोबरा सांभाळत, दुसऱ्याशी बोलत, एका मिनिटात फेटा बांधतो आणि पुढच्या डोक्याकडे सरकतो. डोकं कुणाचं ते तो बघत नाही, घेर बघतो. मंचावरचे झाले. मग कार्यकर्त्याला वाटलं, पेशंटांतर्फे एकाचा सत्कार पाहिजे. त्याने खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि ज्यांच्या मिशा सगळ्यांत चांगल्या होत्या त्या बाबांकडे बोट केलं. रेणापूरजवळच्या एका गावचे हे बाबा झोप येत नाही म्हणून यायचे. बहीण तेव्हा पार टोकाच्या खुर्चीशी वाकलेली होती. मी दारात साहेबांच्या ड्रायव्हरशी गाडी बाजूला घेण्यावरून वाद घालत होतो. वळून बघतो तर बाबांच्या डोक्यावर केशरी फेटा, तुरा, शेमला सगळं, आणि बाबा असे ताठ बसलेले की जणू त्यांचंच उद्घाटन चाललंय.

स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकाचे आभार झाले. बहीण मंचाकडे पाठ करून आपलं काम करत सुया काढत येत होती. बाबांच्या खुर्चीशी ती थांबली.

"बाबा, डोक्यात सुई होती ना?"

"काढली ना त्यानं," बाबा समोर बघत म्हणाले.

"कुणी?"

"फेटेवाल्यानं. पडली आसंल खाली."

फेटेवाला एव्हाना दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेला होता. लातुरात त्या दिवशी सत्कारांचा मुहूर्त असावा.

साहेब माईकपाशी उभे राहिले. "बंधू आणि भगिनींनो, या हॉलच्या बाबतीत आज मी एक..." इथपर्यंत आले होते.

"कुणी उठू नका! पाय वर घ्या!" बहीण ओरडली. बीपीच्या गोळ्यांसाठी ओरडते त्याहून मोठ्याने. "सुई खाली पडली आहे."

चपला सगळ्यांच्या बाहेर. हॉलभर अनवाणी माणसं, दोन रांगती पोरं. सुई केसाएवढी बारीक. साहेब आपसूक मंचावरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनीही पाय वर घेतले. मी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर आलो. कार्यकर्तेही आले, पांढऱ्या पॅंटी घालून. हॉलच्या फरशीवर आम्ही आठ-दहा माणसं रांगत होतो, आणि खुर्च्यांमध्ये पेशंट पाय वर घेऊन बसले होते. फोटोग्राफर फोटो काढत राहिला. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

बाबांच्या शेजारच्या खुर्चीत गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान असलेल्या एक चाची होत्या. मी त्यांच्या खुर्चीखाली बॅटरी मारत होतो तेव्हा त्यांचा हळू आवाज वरून ऐकू आला.

"क्या बाबा, मजेत ना?"

बाबांचे पाय खुर्चीत आणखी वर सरकले.

"मी बघून राहिले होते. त्यानं काय काढलं न्हाई."

"गप बस गं माय."

"आन् टोचलं मंग?"

"टोचू दे."

मी वर बघितलं. चाची छताकडे बघू लागल्या. बाबांचे डोळे मिटलेले होते. मला कळायला हवं होतं, पण तेवढ्यात वरून कार्यकर्त्याचा आवाज आला.

"ताई, साहेबांना उदगीरला दुसरा कार्यक्रम हाय. हे काय चालवलंय? एका सुईसाठी?"

"सुई सापडेपर्यंत कुणी हलणार नाही."

"साहेब बी न्हाई?"

"त्यांनाही पाय आहेत."

कार्यकर्ता खाली वाकला आणि आवाज उतरवून, पण हॉलला ऐकू जाईल इतकाच उतरवून, म्हणाला, "मंग हॉलचं बघू आपण."

बहिणीचा चेहरा मला दिसला. तिने जमिनीवरची नजर उचलली नाही. "बघा," म्हणाली. "पण पाय बाजूला घ्या."

पंखे फिरत होते. साहेब घड्याळ बघत होते. मग बाबा खुर्चीतून म्हणाले, "माह्या डोक्यात हाय."

सगळे थांबले.

"सुई. हितंच हाय. फेट्याखाली."

"बाबा, मग मघाशी काय सांगितलं?" बहीण.

"फेटा सोडावा लागला असता ना, पोरी." बाबा तिच्याकडे न बघता बोलत होते. "धाकटा भाऊ सरपंच होता माहा. त्याला इतके फेटे बांधले की पोरं त्याचे झोके करतेत. मला एकदा लग्नात बांधला, तो बी मामाचा. म्हणलं, आज ह्यो घालूनच गावात उतरावं. तिकडं गेल्यावर काढली आसती सुई. हातानं."

कुणी हसलं नाही. कार्यकर्तासुद्धा नाही. भर सभेत माणसाचा फेटा उतरवणं म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. बहीण हात वर करून तशीच उभी राहिली. पहिल्यांदाच मी तिला हात कुठे ठेवावा या विचारात पाहिलं. शेवटी बाबांनीच दोन्ही हातांनी फेटा उचलला आणि मांडीवर ठेवला. तुरा विस्कटला. टाळूवर सुई वाकून आडवी झाली होती, थोडं रक्त होतं. तिने सुई काढली, कापूस दाबला आणि म्हणाली, "आता हा फेटा पुन्हा कुणी बांधू शकतं का?" मंचावर फेटे घातलेली सात माणसं बसली होती, एकालाही बांधता येत नव्हता.

साहेब मुरलेले. माईक घेऊन म्हणाले, "बाबांचा फेटा उतरला, पण मान उतरली न्हाई." टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच ते गाडीत बसले. हॉलबद्दलचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथेच राहिलं.

"इकडं आणा," चाची म्हणाल्या. "आख्ख्या लातूरच्या हातात बांगड्या भरते मी, एक डोकं न्हाई बांधता येणार?" त्यांनी बांधलेला फेटा एका कानावर आला होता आणि मागे गाठ दिसत होती. बाबा तो घालून स्टॅंडकडे गेले. जाताना बहिणीला एवढंच म्हणाले, "हॉल गेला तर माह्यामुळं गेला आसं समजू नको." ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी या." कुठे या, हे ती बोलली नाही.

तीन-चार दिवसांनी फोन आला. कार्यकर्ता. मी शेजारीच उभा होतो.

"ताई, साहेबांची कंबर धरलीय. बंगल्यावर येता का?"

"गुरुवारी या. नंबर लावून."

"तिथं सगळ्यांत?"

"जी खुर्ची रिकामी असेल तिच्यात."

"हॉलचं काय?" मी मधेच ओरडलो. तिने फोन दुसऱ्या कानाला नेला.

"बघतो," तो म्हणाला, आणि कशाचं बघतो ते न सांगता फोन ठेवला.

त्या गुरुवारी वॉचमनने हॉल उघडला. नेहमीसारखाच, काही न बोलता. त्यालाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बाबा आले, टोपी घालून. बहिणीने पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. मी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो, आणि पुन्हा गेलो. साहेबांची गाडी येणार होती, किंवा नवं कुलूप घेऊन कुणी. दुपारपर्यंत दोन्ही आलं नाही. आतून कुणीतरी ओरडलं, "सर, ह्येंना गप करा, लग्न जमवून राहिले," म्हणून मी आत गेलो.