रसवंतीच्या घुंगरात ऐकू येणारा फोन

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे फोन घेतला. देवदर्शन नाही, तीर्थ नाही. परभणीला जाऊन फोन. मला वाटतं तेच बरं झालं. देवळात आम्ही दोघंही गप राहायचो. दुकानात लय बोललो.

आमचं गाव पिंगळी. इकडं परभणी, तिकडं पूर्णा, मधी आम्ही. पूर्ण्याला आमची एकुलती एक लेक दिलेली. जावई रेल्वेत. लेकीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि बायकोला सव्वा महिना तिच्याकडं जाऊन राहायचं होतं. अडचण एकच होती. मी.

मला ऐकू कमी येतं, असं तिचं म्हणणं. मला ऐकू येत होतं. पण एवढ्या वर्षांत मी काही गोष्टी ऐकायच्या सोडून दिल्या होत्या. तरी खरं सांगायचं तर सकाळी ती मला गदागदा हलवायची तेव्हा मी उठायचो. बटनाचा जुना फोन खिशात वाजून वाजून गप व्हायचा आणि लेक तिकडं रडकुंडीला यायची. मी एकटा राहिलो तर म्हशीची धार कोण काढणार, फोन कोण उचलणार, मी पडलो-झडलो तर कुणाला कळणार, हे तिचं रोजचं चालू.

"फोनच्या आवाजानं तुमी उठलाव तर मी पुरन्याला जानार," ती म्हणाली. "न्हाई उठलाव तर लेकीला सासूच्या जिवावर सोडावं लागंल. त्या बाईला पेजसुदा करता येत न्हाई."

मी म्हटलं, "बटनाच्या फोनला काय झालंय?"

"त्येच्यात म्हैस दिसत न्हाई."

म्हणजे सव्वा महिना तिला तिकडून म्हैस बघायची होती. मीही दिसलो असतो, पण ते जाता जाता.

बाजाराच्या दिवशी रेल्वेनं गेलो. दुकानदार म्हणजे पोट सुटलेला, दाढी मेंदीनं लाल केलेला माणूस, बोलायला गोड. आम्ही टेकतो ना टेकतो तोच त्यानं काचेवर पाच फोन मांडले, भाजीवाली वांगी मांडते तसे.

"मौशी, बजट काय?"

"दहाच्या आत," ती म्हणाली. "आन्‌ आत म्हंजे आत."

त्यानं एक फोन उचलला आणि सांगायला लागला. ह्यात इतकं मावतं, ह्यात तितकं मावतं, ह्याचा कॅमेरा असा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग फोन हातात घेऊन वजन बघितलं.

"बिगडला तर कुनाकडं आनायचा?"

"माझ्याकडं."

"तुमी दुकान बंद करून गेलाव तर?"

"मौशी, माझ्या अब्बाचं दुकान हाय हे. कुटं जातो मी?"

"मंग ठीक," ती म्हणाली. तिनं फोनच्या आधी माणूस निवडला. मला अजून तीच रीत पटते.

पहिल्या फोनला अंगठा लावला की उघडतो म्हणे. मी लावला. उघडला नाही. पुसून लावला. उघडला नाही. ती म्हणाली, "रेशनच्या दुकानात ह्यांचा अंगठा उठत न्हाई, हितं कामून उठंल? आख्खा जन्म कुळवावर गेला ह्यांचा. अंगठ्यावर रेघ उरली न्हाई." तो फोन बाजूला गेला.

दुसऱ्या फोननं तिनं माझा फोटो काढायला लावला. काढला. दुकानदारानं तिच्यापुढं धरला. ती बघत राहिली. मीही डोकावलो. एक गोरापान, गुळगुळीत गालाचा माणूस माझं धोतर नेसून बसला होता.

"हा कोन?" ती म्हणाली.

"चाचाच हायेत की, मौशी. फोन जरा खुबसूरत करतो."

"मला खुबसूरत कशाला पायजे? चाळीस वर्सं मी हाच काळा गडी सांभाळलाय. हा फोन उद्या म्हशीलाबी गोरी करंल. म्हैस वाळली का भरली, ते मला खरं दिसलं पायजे. हे माझ्याशी खोटं बोलतेत, आन्‌ आता फोनबी खोटं बोलायला लागला तर मी काय करू?"

दुकानदार हसून हसून काउंटरवर वाकला. तो म्हणाला, ते बंद करता येतं. ती म्हणाली, खोड बंद होत नसती, दबा धरून बसती. तोही फोन गेला.

राहिले तीन. आता आवाज बघायचा होता. त्यानं एक वाजवून दाखवला. दुकानात चांगला दणदणीत वाजला. मी म्हटलं, "आला ऐकू. घे आन्‌ चल."

"दुकानात ठेवायचाय का तुमाला?" ती म्हणाली. "उठा."

समोर रस्त्याच्या पलीकडं रसवंती होती. चरक फिरत होता, त्याच्या घुंगरांचा आवाज, वर रिक्षांचे भोंगे. तिनं मला तिथं नेऊन उभं केलं आणि स्वतः दुकानाच्या पायरीवर जाऊन थांबली. दुकानदार तीन फोन घेऊन तिच्या शेजारी. ऐकू आलं की मी हात वर करायचा, असं ठरलं.

मी हुशारी केली. फोन वाजला की ती ओठ आवळून माझ्याकडं बघायची. मी तिचं तोंड बघून हात वर केला. तिला लगेच कळलं. तिथूनच ओरडली, "पाठ करा."

ते मला घुंगरांमधूनही स्वच्छ ऐकू आलं.

मी पाठ केली. तोंड चरकाकडं, रसवंतीवाल्यापुढं. तो म्हणाला, "बाबा, काय चाललंय?" मी म्हटलं, "परीक्षा." चार माणसं रस पिता पिता थांबली. पहिला फोन वाजला असंल, मला काही कळलं नाही. मग मला आलं ऐकू, मी झटक्यानं हात वर केला, तर ती रिक्षा निघाली. माणसं हसली. रसवंतीवाल्यानं मला डोळ्यांनी खुणवायला सुरुवात केली. तिकडून ती त्यालाही ओरडली, "ए दादा, तू ऊस घाल."

आणि मग आला. जुन्या काळच्या टेलिफोनसारखा, ट्रिंग ट्रिंग, घुंगरांच्या वरून. मी हात वर केला नाही. दोन्ही हात वर केले. वळून बघितलं तर ती पायरीवर उभी राहून हसत होती, पदर तोंडाला लावून, लग्नात हसली होती तशी. दुकानदारानंही दोन्ही हात वर केले होते. त्याला कशाचा आनंद झाला होता देव जाणे, त्या तिन्हीत तोच सगळ्यात स्वस्त होता.

तिनं आधी त्या फोनवर म्हशीच्या धारेचा गजर लावून घेतला, पहाटे पाचचा. मग रसवंतीवर येऊन माझ्याबरोबर ग्लासभर रस प्याली, बिनबर्फाचा. रसवंतीवाला पैसे घेईना. म्हणाला, खेळ बघितला ना.

परतीच्या गाडीत फोन तिच्या मांडीवर. ती म्हणाली, "उद्या मी तुमाला हलवनार न्हाई. ह्यानं उठवलं तर मी परवा जानार."

"उठीन. पन धार? ती म्हैस तुझ्याबिगर कुनाला हात लावू देती का?"

"माझं लुगडं अंगावर घ्या. वासानं पान्हा सोडती."

"मी लुगडं नेसनार न्हाई."

"मंग बिनदुधाचा चहा प्या."

समोरच्या बाकावरची बाई तोंड खिडकीकडं करून हसत होती. मी म्हटलं, हसा बाई, तुमच्याही घरी म्हैस असंल.

घरी आल्यावर तिनं बाजाराचं लुगडं खुंटीला अडकवलं, घरातलं नेसली, धार काढली, म्हशीचा फोटो काढून लेकीला पाठवला. लेकीचं उत्तर आलं, म्हैस काळीच दिसायली. ती खूश. मग भाकरीला बसली आणि म्हणाली, छातीत काहीतरी धरलंय. मी जीप बोलावली. परभणीच्या अलीकडंच ती गेली. त्यापुढं मला फार लिहायचं नाही. तिला घरी आणलं. जावई लेकीला घेऊन आला. सकाळी न्यायचं ठरलं.

पहाटेकडं बसल्या जागी, भिंतीला टेकून, माझा डोळा लागला.

आणि खिशात वाजला. ट्रिंग ट्रिंग. मी उठलो. कुणी हलवलं नाही, आपला आपण उठलो. तिच्याकडं बघितलं. म्हटलं, उठलो बग. घरातली माणसं माझ्याकडं बघायला लागली. काचेवर बोट ओढलं की बंद होतो, हे मला शिकवलेलं होतं. मी ओढलं नाही. वाजू दिला. खुंटीवरचं लुगडं काढलं, अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावरून घेतलं आणि बादली घेऊन गोठ्यात गेलो.

म्हशीनं कान टवकारले, आधी खिशाकडं, मग माझ्याकडं. हुंगलं. लुगड्याला घामाचा, रेल्वेचा आणि थोडा उसाच्या रसाचा वास होता. मी रेडकू सोडलं, ओढून बांधलं, सडांवर पाणी मारलं आणि खाली बसलो. ती जागची हलली नाही. पान्हा सोडला. फोन केव्हा बंद झाला ते मला कळलं नाही. बादलीत धार वाजायला लागली होती, तेच ऐकत होतो.

दूध परसातल्या तीन दगडांवर तापवलं आणि पेला भरून लेकीपुढं नेला. तिनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. कोपऱ्यातून माझी चुलतभावजय म्हणाली, "आवो, मानूस घरात हाय अजून. आदी नेऊ द्या तरी."

मी म्हटलं, "वैनी, पोटातलं लेकरू सुतक पाळत न्हाई."

लेकीनं वर बघितलं. डोळे सुजलेले. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"दादा, हे काय नेसलाव?"

"तुज्या आईनं सांगितलं होतं."

तिला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. पेला हातात घेतला. निम्मा प्याली आणि खाली ठेवायला लागली.

मी म्हटलं, "सगळं पी."