काळुरामच्या हळदीची टेप

विमलबाईला कुणी पाणी दिलं तरी ती आधी पेल्यात डोकावायची. पेणजवळच्या गावात ती धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्याची पारंपरिक गीतं गाऊन विधी पार पाडणारी. हे काम तिला आईकडून आलं, आणि आईकडूनच भावजय नूतनलाही. भांडणाचं मूळ तेच. नूतन म्हणायची ते धवल्याचं शेवटचं कडवं विमलबाईने आईच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणी धवला संपेपर्यंत तिचा डोळा लागलेला असायचा, आणि स्वतः शिकायला बसली तीही उशिरा. पण हे कोण लक्षात घेतो? नूतनने ते पदरचं घुसडलंय, असं तिने गावभर केलं. नूतन काही बोलली नाही, तेव्हा तर संशय पक्काच झाला.

आई गेली. गावातल्या काळुरामच्या हळदीला ती गायली होती, त्याचं शूटिंग होतं. विमलबाई तेव्हा बाळंतीण, घरात पडून. लग्नाच्या सीडीत नुसती पिक्चरची गाणी, म्हणून नूतनला खोटं पाडायला काळुरामकडून मूळ टेप मागून घेऊन ती रोह्याला शूटिंगवाल्या सुशीलकडे आली. नूतनचं माहेरही रोह्याचंच, हे ती विसरली नव्हती.

सुशीलने टेप जुन्या कॅमेऱ्यात घातली, वायर कॉम्प्युटरला जोडली. "टेप जेवढी, तेवढाच वेळ लागतो काकू. चहा सांगू?"

"नको. मी हितनं उठनार नाय." चहाच्या निमित्ताने टेप बदलली तर?

टेप कॉम्प्युटरवर उतरली. पुन्हा तीच गाणी.

"आयेचा आवाज पुसलास ना? कुनी सांगितलं तुला?"

"पुसला नाय. टेपवर आवाजाच्या चार पट्ट्या हायत. दोन शूटिंगच्या, दोनवर मी मागनं गाणी चढवली." त्याने गाण्यांच्या पट्ट्या बंद केल्या. उरलेल्या दोनपैकी एक आईसमोरच्या माइकची, तेवढीच लावली.

आई गाऊ लागली. विमलबाईचे डोळे भरले. शेवटाला आई अडखळली, थांबली. मग हळूच म्हणाली, "विमलीला सांगू नको गो." आणि पुढे गायली, "खाडीपल्याड दिवा लागला गो, लेक मागं बघं."

नूतनचंच कडवं! सख्ख्या आईने आपल्यापासून लपवलं?

"कुनाला सांगते ती? दुसरी पट्टी लाव."

ती कॅमेऱ्याच्या माइकची. भांड्यांचा आवाज, बायकांची कुजबुज, आणि अगदी जवळून नूतन, दबक्या आवाजात: "आये, खाडीपल्याड दिवा..." थोड्या वेळाने पुन्हा: "नाय सांगनार. विसरायला होतंच. तुमी म्हना."

म्हणजे आई विसरू लागली होती. आपल्याला शिकवायला बसली तोवर ते कडवं तिच्याकडे उरलंच नव्हतं. आणि गावभर खोटी ठरूनही नूतनने म्हातारीची लाज झाकली होती. विमलबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मधला हा दबका आवाज काढून टाकू?" सुशीलने विचारलं.

"हात लावू नको त्याला."

तिने तिथूनच फोन लावला. "नूतन, येत्या हळदीला धवला तू सांग गो. मी मागनं धरते."

पलीकडून नूतनने जपून विचारलं, "का वो वन्सं, आता काय नवीन काढलंत?"